कति पटक?

परदेशात शिकवायला गेलेल्या स्वयंसेवकाच्या आजारपणाचे दोन भाग पडतात : पोटाचे आणि बाकीचे. बाकीच्यात सर्दी, खरूज, पिसवा, जळवा आणि कुत्रा चावणे हे सगळे येते. पण त्यावर कोणी आयुष्यभर गोष्टी सांगत बसत नाही. म्हणून इथे पोटाचाच विचार केला आहे आणि त्यासाठी नेपाळचा डोंगराळ भाग घेतला आहे, कारण तिथे या आजारपणाला आता जवळजवळ परंपरेचा मान आहे.

असे स्वयंसेवक धाडणारी ब्रिटनमधली व्हीएसओ ही संस्था १९५८ साली निघाली. अमेरिकेत जॉन केनेडी यांनी १ मार्च १९६१ रोजी पीस कोअर स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी तिची पहिली तुकडी नेपाळात पोचली. राणा घराण्याची सत्ता जाऊन तेव्हा जेमतेम अकरा वर्षे झाली होती. शाळा थोड्या, शिक्षक त्याहून थोडे. तेव्हापासून इंग्रजी, गणित आणि विज्ञान शिकवायला ताज्या पदवीचे तरुण येत राहिले. मधे २००४ साली पीस कोअरचे काम यादवी युद्धापायी बंद पडले ते २०१२ पर्यंत बंदच राहिले, आणि मार्च २०२० मध्ये पीस कोअरने जगभरातले आपले झाडून सगळे स्वयंसेवक एकदम परत बोलावले. स्वतःचे पोट बिघडले म्हणून नव्हे, तर दुसऱ्यांच्या खोकल्यापायी घरी जावे लागल्याची ती वेळ होती.

हे सगळे तरुणच असतात असेही नाही. जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, १९६६ साली, याच पीस कोअरमधून भारतात आल्या आणि मुंबईत विक्रोळीला राहिल्या. त्या शिक्षिका नव्हत्या, परिचारिका होत्या. म्हणजे आजारपणाच्या पलीकडच्या बाजूला. त्यामुळे त्यांचे उदाहरण इथे फार कामाचे नाही, पण मराठी वाचकाला विक्रोळी सोडून पुढे जाववत नाही.

स्वयंसेवकाला गावी धाडण्यापूर्वी सुमारे तीन महिने भाषा शिकवतात. नमस्कार, नाव, गाव, किलोचा भाव. या अभ्यासक्रमात आजारपणाचा धडा असतो, पण तो शेवटून दुसरा असतो आणि त्या दिवशी शिकणाऱ्यांपैकी निम्मे आजारी असतात. तरी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात राहते. इंग्रजीत माणसाकडे ताप 'असतो', जसे घर असते किंवा सायकल असते. नेपाळीत ताप येतो : 'मलाई ज्वरो आयो.' मराठी माणसाला यात विशेष काही वाटणार नाही, कारण त्यालाही ताप येतो, जुलाब लागतात, उचकी लागते. तो स्वतः यातले काहीच करत नाही, फक्त चतुर्थीत बसून राहतो. इंग्रजी बोलणाऱ्याला मात्र आपण वाक्याचा कर्ता राहिलो नाही हे पचायला वेळ लागतो. अतिसाराला नेपाळीत 'पखाला' म्हणतात. मराठीत पखाल म्हणजे पाणी वाहून नेण्याची कातड्याची पिशवी. तिसऱ्या दिवशीच्या रुग्णाचे याहून नेमके वर्णन कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात नाही.

आजाराची सुरुवात बहुधा एका विशेषणापासून होते. स्वयंसेवकाला पक्के बजावलेले असते की पाणी उकळलेलेच प्यायचे. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरवर राहत असाल तर ते तीन मिनिटे खळखळले पाहिजे. तो घरच्या आमांना (यजमान घरातली बाई म्हणजे आमा, मग ती त्याच्यापेक्षा चार वर्षांनीच मोठी का असेना) 'तातो पानी' मागतो. तातो म्हणजे गरम. आमा पाणी गरम करतात. बोट घालून बघतात, छान ऊन झालेले असते, आणि ते स्टीलच्या पेल्यातून दोन्ही हातांनी पुढे करतात. उकळलेल्या पाण्याला 'उमालेको' असा वेगळा शब्द आहे. तो स्वयंसेवकाला सुमारे दहा दिवसांनी कळतो आणि मग जन्मभर विसरत नाही.

हे दहा दिवसही उगाच नसतात. बहुतेक वेळा गुन्हेगार जिआर्डिया नावाचा एकपेशीय जीव असतो आणि पोटात शिरल्यावर तो एकदोन आठवडे गप्प राहतो. त्याचे दहा कोश पोटात गेले तरी काम भागते. तो पहिल्यांदा पाहिला तो हॉलंडच्या अंतोनी व्हान लेवेनहुक याने, १६८१ साली, स्वतःच्याच शौचात, स्वतःच घासलेल्या भिंगातून. विज्ञानाच्या इतिहासात इतक्या घरगुती सामग्रीवर लागलेले शोध कमी आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली जिआर्डियाची दोन केंद्रके दोन डोळ्यांसारखी दिसतात. म्हणजे तपासनीस त्याच्याकडे बघतो तेव्हा तोही तपासनीसाकडे बघत असतो, आणि दोघांपैकी जास्त निवांत कोण हे चटकन सांगता येत नाही.

दुसरा संशयित सायक्लोस्पोरा. काठमांडूत आजारी परदेशी लोकांमध्ये तो १९८९ च्या सुमारास डॉक्टरांच्या नजरेत भरला, तेव्हा ते एखादे शेवाळ असावे असा समज झाला. पुढे त्याचे बारसे झाले ते पेरू देशातल्या एका विद्यापीठाच्या नावावरून. हा पावसाच्या आधीपासून येतो आणि पावसाळाभर राहतो, आणि क्लोरीन किंवा आयोडीन यांना भीक घालत नाही. आयोडीनच्या गोळ्या टाकून दवाखान्याच्या फरशीसारखे लागणारे पाणी महिनाभर निष्ठेने प्यायलेल्या माणसाला हे नंतर सांगणे क्रूरपणाचे आहे, पण सांगतात. मराठीत 'बारा गावचे पाणी प्यायलेला' ही कौतुकाची बाब आहे. वैद्यकात ती केसची पूर्वपीठिका आहे.

पहिले लक्षण म्हणजे ढेकर. त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो, आणि स्वयंसेवकाला आठवते की आपण अंडे खाल्ल्याला तीन आठवडे झाले. त्यानंतर पोटात रिकाम्या पिंपातून दगड गडगडत जावा तसा आवाज. हे साधारण संध्याकाळी, जेवणाच्या वेळी. समोर भाताचा डोंगर, डाळ, तरकारी. नको म्हणायची सोय नसते. आग्रहाच्या बाबतीत नेपाळी आमा आणि कोकणातली मावशी यांच्यात डावेउजवे करणे कठीण आहे. हात आडवा घातला तर भात हातावर पडतो.

शौचालयाला तिथे 'चर्पी' म्हणतात. ती घरापासून तीसचाळीस पावलांवर, बहुधा उताराच्या खाली असते. दिवसा ही पावले मोजावीशी वाटत नाहीत. असारातल्या पावसाळी रात्री मात्र त्यांची खानेसुमारी होते. विजेरी दातांत धरावी लागते, कारण एका हातात छत्री आणि दुसऱ्यात पाण्याचे टमरेल. पाचव्या पावलाला ओटीवरचा बांबूचा अडसर, जो आमा रात्री न चुकता लावतात. बाराव्या पावलाला बांधलेली बकरी, जी अंधारात उठून उभी राहते. विसाव्याच्या पुढे चिखल, आणि चिखलात जळवा. पत्र्याचे दार आतून ओढून धरावे लागते, कारण कडीच्या जागी सुतळी असते. पत्र्यावर पाऊस इतका वाजतो की बाकी सगळे आवाज त्यात विरून जावेत. विरत नाहीत. कुत्रा पहिल्या फेरीला भुंकतो, दुसऱ्या फेरीला गुरगुरतो, आणि चौथ्या फेरीला सोबत म्हणून पुढे चालू लागतो.

सकाळपर्यंत गावाला कळलेले असते. कसे, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. सात वाजता शेजारीण डोकावते आणि विचारते, 'कति पटक?' म्हणजे किती वेळा. मग तिची सासू. मग दुधाचे भांडे घेऊन निघालेला एक गृहस्थ, ज्याची यापूर्वी ओळखही झालेली नसते. मग हेडसर, जे वाटेत इतर दोन शिक्षकांना घेऊन येतात. आजारी माणसाला एकटे ठेवणे हा पश्चिमेत शिष्टाचार आहे आणि नेपाळात हेळसांड. त्यामुळे खोलीत नऊ माणसे बसतात आणि रुग्णाच्या पोटाविषयी, रुग्णाच्या अंगावरून, एकमेकांशी बोलतात. स्वयंसेवकाला वेळांचा आकडा सांगायला संकोच वाटतो, म्हणून तो कमी करून सांगतो. चर्पी ज्या घराच्या खिडकीतून दिसते ती आजी लगेच दुरुस्ती करते. अंक शिकण्याची ही पद्धत कुठल्याच भाषावर्गात वापरत नाहीत, पण तिच्याइतकी परिणामकारक दुसरी नाही.

निदानाबाबत गावात तीन पंथ आहेत. पहिला 'ग्यास्ट्रिक'वाल्यांचा, त्यांच्या मते छातीपासून गुडघ्यापर्यंत जे काही दुखते ते ग्यास्ट्रिक. दुसरा हवापाणी बदलल्याचा. यालाच आपल्याकडे 'पाणी लागले' म्हणतात, आणि जिआर्डियाचा विचार करता हा पंथ सत्याच्या बराच जवळ आहे, फक्त तो दोष पाण्याला न देता पाहुण्याच्या सवयीला देतो. तिसरा पंथ वयस्क आणि मितभाषी : सातो गेला. सातो म्हणजे माणसातला जीवाचा एक अंश, जो दचकल्याने अंगाबाहेर पडून वाटेत कुठेतरी राहतो. रात्री अंधारात समोर बकरी उभी राहिली होती, हे रुग्णाला नाकारता येत नाही.

औषधे घरचीच निघतात. पेरूच्या कोवळ्या पानांचा काढा, डाळिंबाची वाळवलेली साल, हळदीचे पाणी, ज्वानोचा म्हणजे ओव्याचा झोल. पहिल्या दोनांना कोल्हापुरातली आजीही हरकत घेणार नाही. खायला जाउलो : डाळतांदूळ एकत्र शिजवून केलेला, चमच्याने ढवळला तर चमच्यालाच चिकटणारा मऊ भात. स्वयंसेवकाने सोबत आणलेल्या छापील सूचनांत केळी, भात, सफरचंदाचा गर आणि भाजलेला पाव सुचवलेला असतो. सफरचंद तीन दिवसांच्या वाटेवर, पाव त्याच्याही पलीकडे. घरातले आजोबा मोहरीएवढ्या आवाजात आणखी एक उपाय सुचवतात, तो म्हणजे कोमट रक्सी. ही घरी गाळलेली दारू गावात सर्दीपासून सुतकापर्यंत सगळ्याला चालते. पण जिआर्डियावर मेट्रोनिडाझोल देतात आणि त्या गोळ्या चालू असताना दारू वर्ज्य सांगितलेली असते. आजोबा गोळ्यांकडे दयेने पाहतात. गोळ्यांनी तोंडात जुने नाणे चघळल्याची चव राहते, तेव्हा दया अगदीच अस्थानी नसते.

सगळ्यात भरवशाचे औषध मात्र दुकानात, बिस्किटांच्या शेजारी लटकत असते. ते म्हणजे जीवनजलची पुडी. मीठ, साखर आणि आणखी दोन क्षार, एक लिटर पाण्यात. या साध्या मिश्रणाची मोठी परीक्षा १९७१ साली झाली. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने कहर केला आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपे भरून हे पाणी तोंडावाटे द्यायला लावले. मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून चार टक्क्यांच्या खाली आले. इथे विनोदाला जागा नाही. ती पुढच्या टप्प्यावर आहे. कारण पुडी एक लिटर पाण्यात घालायची असते, आणि ते पाणी कोणते, याचे उत्तर देताना आमा पुन्हा आत जाऊन छान ऊन पाणी घेऊन येतात.

तिसऱ्या दिवशी संस्थेच्या डॉक्टरांना फोन करावा लागतो. डॉक्टर काठमांडूत. फोनला रेंज गावात एकाच जागी, चौतारीवर. वड आणि पिंपळ शेजारी लावून भोवती बांधलेला दगडी पार म्हणजे चौतारी. भारी ओझी वाहणारे तिथे टेकतात, म्हातारे ऊन खातात, आणि शाळा सुटल्यावर मुले उतारावर घसरतात. म्हणजे गावात जिथे सर्वांत जास्त माणसे असतात तिथेच फोन लागतो. रेंज अर्धी, म्हणून ओरडून बोलावे लागते.

डॉक्टर आधी किती वेळा ते विचारतात. (गावाला हे उत्तर ठाऊक असते.) मग कोणत्या प्रकारचे. १९९७ साली ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी शौचाची सात प्रकारांत विभागणी करणारी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. एक म्हणजे सुट्या कडक लेंड्या, सात म्हणजे निव्वळ पाणी. रुग्णाला वर्णन करण्याचा संकोच पडू नये, नुसता आकडा सांगून सुटका व्हावी, हा तिचा एक मोठा फायदा मानला जातो. स्वयंसेवक हायसे वाटून फोनमध्ये ओरडतो, 'सेव्हन!' डॉक्टरांना ऐकू येत नाही. तो पुन्हा ओरडतो. गेले तीन आठवडे त्याने चौथीच्या वर्गाला नेमके वन ते टेन शिकवलेले असते. पाराखालून तीस मुले एका सुरात, उत्तम उच्चारात, डॉक्टरांपर्यंत पोचेल अशा आवाजात सांगतात, 'सेव्हन!'

झाँक्री त्याच संध्याकाळी येतो, बोलावला असो वा नसो. झाँक्री म्हणजे तिथला भगत. तो ताटलीत तांदळाचे दाणे मांडून जोखाना पाहतो; आपल्याकडे देवाला कौल लावतात तसाच हा प्रकार, आणि 'जोखणे' हा शब्द तर घरचाच. मग ढ्याङ्ग्रो नावाचा दोन्ही बाजूंनी मढवलेला ढोल मध्यरात्रीपर्यंत वाजतो. मानववंशशास्त्राची पदवी घेतलेल्या स्वयंसेवकाने यावर निबंध लिहिलेला असतो. पण निबंध लिहिताना त्याला दर पंधरा मिनिटांनी बाहेर पळावे लागलेले नसते. झाँक्रीला त्याचे काही वाटत नाही. रुग्ण बाहेर गेला की तो ढोल थांबवतो, आला की सुरू करतो. एक गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवलीच पाहिजे : तो रुग्णाजवळ चार तास बसतो, हात हातात घेतो आणि एकदाही आकडा विचारत नाही. सातो परत येतो. नेमक्या त्याच सुमारास मेट्रोनिडाझोलचा तिसरा दिवस असतो, त्यामुळे श्रेय कोणाचे हा वाद गावापुरता मिटलेला आणि डॉक्टरांपुरता उपस्थितच झालेला नसतो.

नमुना तपासणे हा एक वेगळा प्रवास आहे. प्रयोगशाळा जिल्ह्याच्या सदरमुकामी. नमुना ताजा हवा, बस दिवसातून एक. प्लास्टिकची डबी दोन पिशव्यांत गुंडाळून मांडीवर धरायची. शेजारचा प्रवासी विचारतो, आत काय आहे. कारण बसमध्ये डबी जपून धरणारा माणूस बहुधा कोणासाठी तरी तूप किंवा लोणचे नेत असतो. अनुभवी स्वयंसेवक 'औषध' असे सांगतात. नवखे खरे सांगतात आणि पुढचे चार तास त्यांना खिडकीशेजारचे पूर्ण बाकडे मिळते.

रजेचा अर्ज मात्र चुकत नाही. मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही 'ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर' हे वाक्य झोपेतून उठवून विचारले तरी येते. पुढे आयुष्यात इंग्रजी येवो न येवो, तापाची रजा मागता येते. स्वयंसेवकाने हाच अर्ज सातवीला शिकवलेला असतो. आता त्याला तो हेडसरांच्या नावे नेपाळीत लिहायचा असतो. 'श्रीमान् प्रधानाध्यापकज्यू' इथवर ठीक जाते. पुढे जुलाबाच्या जागी त्याला 'दिसा' हा शब्द हवा असतो, आणि नेपाळी उच्चारात स आणि श यांच्यातला फरक कानाला जवळजवळ लागत नाही, म्हणून तो लिहितो 'दिशा'. अर्जाचा अर्थ असा होतो की गुरुजींना दिशा लागली आहे, सबब ते शाळेत येऊ शकत नाहीत. जुन्या मराठीत 'दिशेला जाणे' होतेच, त्यामुळे आपल्याकडे हा अर्ज बिनतक्रार मंजूर झाला असता. तिथे तो सातवीच्या मुलांच्या हातून जातो, कारण अर्ज पोचवायला तीच असतात. हेडसरांच्या टेबलावर येईपर्यंत श लाल शाईने खोडून वर स लिहिलेला असतो, आणि कोपऱ्यात, सर नेहमी लिहितात तसेच, 'गुड, बट बी केअरफुल'.

आठवड्यात माणूस उठतो. विजार दोरीने बांधावी लागते. 'दुब्लाउनुभयो', बारीक झालात, असे वाटेवरचा प्रत्येक जण तोंडावर सांगतो, आणि आमांना हे आपल्या घराला बोल लावल्यासारखे वाटून संध्याकाळच्या भाताचा डोंगर पुन्हा वाढतो. पाणी मात्र आता उमालेको असते. भांड्याचे झाकण थडथडेपर्यंत आमा चुलीपाशी थांबतात आणि शेजारणींना सांगतात की या माणसाला कच्चे पाणी चालत नाही, बिचाऱ्याच्या देशात विहिरी नसाव्यात.

शाळा रविवारी भरते. सातवीला भूतकाळ शिकवायचा राहिलेला असतो. फळ्यावर गो आणि वेंट लिहून झाले की प्रत्येकाने आपले एक वाक्य करायचे. वह्या टेबलावर येतात. तीसपैकी बावीस वह्यांत थोड्याफार फरकाने एकच वाक्य असते : लास्ट संडे अवर सर वेंट टु द टॉयलेट नाइन टाइम्स. क्रियापद बरोबर, काळ बरोबर, शब्दक्रमही बरोबर. आकडा तेवढा दोनाने कमी. रात्रीच्या दोन फेऱ्यांना कुत्रा भुंकला नव्हता.